तीनशे सतरा भोकांची पाटी: टॅलाहॅची काउंटीचं प्रकरण

१९५५ च्या सप्टेंबरात अमेरिकाभरचे बातमीदार मिसिसिपी राज्यातल्या टॅलाहॅची काउंटीत समनर नावाच्या खेड्यात उतरले. गावाच्या वेशीवर त्यांना एक पाटी दिसली. त्यावर लिहिलं होतं की समनर हे मुलगा वाढवायला चांगलं ठिकाण आहे. बातमीदार आले होते एका चौदा वर्षांच्या मुलाच्या खुनाचा खटला बघायला. पाटीचा फोटो काढल्याशिवाय कुणी पुढे गेलं नसावं.

हे प्रकरण पाट्यांचं आहे. म्हणजे रस्त्याच्या कडेला उभ्या असणाऱ्या, 'येथे अमुक साली तमुक घडले' असं सांगणाऱ्या फलकांचं. आपल्याकडे असे फलक बहुतेकदा पुरातत्त्व खात्याचे, निळे, गंजलेले आणि कुणीही न वाचलेले. टॅलाहॅची काउंटीत मात्र नदीकाठच्या एका आडबाजूच्या पाटीला अकरा वर्षांत चार जन्म घ्यावे लागले. ती चोरली गेली, नदीत फेकली गेली, गोळ्यांनी चाळण झाली. शेवटी तिला बंदुकीच्या गोळीला न जुमानणारं पोलाद लावावं लागलं. पाटीवर इतका राग का निघावा, आणि ज्यांनी ती लावली त्यांनी प्रत्येक वेळी काय ठरवलं, हे पाहण्यासारखं आहे.

मूळ घटना थोडक्यात सांगतो. एमेट टिल हा शिकागोचा कृष्णवर्णीय मुलगा. १९५५ च्या ऑगस्टमध्ये सुट्टीला तो मिसिसिपीत आला, आईची मावशी एलिझाबेथ आणि तिचे यजमान मोझ राइट यांच्या घरी. घर होतं मनी नावाच्या वस्तीजवळ, लेफ्लोर काउंटीत. २४ ऑगस्टला तो ब्रायंट यांच्या किराणा दुकानात गेला. गल्ल्यावर कॅरोलिन ब्रायंट ही एकवीस वर्षांची गोरी बाई होती. त्यानं शीळ घातली, एवढं त्याच्या सोबतच्या चुलत-मावस भावंडांनी पुढे सांगितलं. २८ ऑगस्टच्या पहाटे तिचा नवरा रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम राइट यांच्या दारात आले आणि मुलाला उचलून घेऊन गेले. ३१ ऑगस्टला टॅलाहॅची नदीत एका मासे धरणाऱ्या मुलाला प्रेत दिसलं. गळ्याला काटेरी तारेनं जिनिंगमधला लोखंडी पंखा बांधलेला होता, वजन तीस-पस्तीस किलो. चेहरा ओळखू येण्याजोगा राहिलाच नव्हता. ओळख पटली ती बोटातल्या अंगठीवरून. अंगठी त्याच्या वडिलांची, त्यावर त्यांची आद्याक्षरं कोरलेली.

आई मेमी टिल यांनी शिकागोत शवपेटी उघडी ठेवली. माझ्या लेकराचं काय केलंय ते जगानं बघू दे, असं त्यांचं म्हणणं होतं. 'जेट' साप्ताहिकात फोटो छापून आले. एमेटपेक्षा थोड्याच मोठ्या असलेल्या त्या पिढीतल्या कितीतरी जणांनी नंतर सांगितलं की तो फोटो पाहूनच आपण नागरी हक्कांच्या चळवळीत आलो.

इथे काउंटी हा शब्द महत्त्वाचा. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका समजा, पण अधिकार जिल्ह्याहून जास्त. तिथला शेरीफ म्हणजे निवडून आलेला पोलीसप्रमुख. मुंबईच्या शेरीफसारखं नुसतं मानाचं पद नव्हे. मुलाला उचललं लेफ्लोर काउंटीतून, मारलं सनफ्लॉवर काउंटीतल्या एका कोठारात, प्रेत सापडलं टॅलाहॅची काउंटीत. टॅलाहॅचीचे शेरीफ एच. सी. स्ट्रायडर यांनी प्रकरण आपल्या हद्दीतलं म्हणून ओढून घेतलं आणि मग खटल्यात बचाव पक्षातर्फे साक्ष दिली की हे प्रेत टिलचं आहे याचीच खात्री नाही. ज्युरी मतदार यादीतून निवडायची. या काउंटीत बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची, पण त्यांच्यातला एकही माणूस मतदार यादीत नव्हता. म्हणून बाराच्या बारा गोरे पुरुष. त्यांनी ६७ मिनिटांत दोघांना निर्दोष ठरवलं. एक ज्युरर म्हणाला, मधे सोडा प्यायला थांबलो नसतो तर इतका वेळही लागला नसता.

आणि चार महिन्यांत, जानेवारी १९५६ मध्ये, त्याच दोघांनी 'लुक' मासिकाकडून पैसे घेऊन खुनाची कबुली छापून आणली. एकदा सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही, हा नियम आपल्या फौजदारी कायद्यातही आहे. तो चांगलाच नियम आहे, पण इथे त्याच्या आडोशाला उभं राहून त्यांनी पैसे कमावले.

या कबुलीचा पाट्यांशी थेट संबंध आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. मासिकाचा लेखक विल्यम ब्रॅडफर्ड ह्यूई याच्याकडे लेखी संमती होती फक्त त्या दोघांची. कोठारात आणखी माणसं होती हे छापलं, तर ती माणसं खटला भरतील. म्हणून कोठारच कथेतून काढून टाकलं. खून नदीकाठी झाला असं लिहिलं गेलं. वास्तविक विली रीड या अठरा वर्षांच्या शेतमजुरानं भर कोर्टात उभं राहून कोठारातून आलेल्या किंकाळ्यांची साक्ष दिली होती. मोझ राइट यांनीही साक्षीला उभं राहून मायलमकडे बोट दाखवलं होतं. त्या काळी तिथे हे करणं म्हणजे पुढे गाव सोडणं होतं, आणि दोघांनीही ते सोडलं. पण साक्षीपेक्षा लाखोंच्या खपाचं मासिक मोठं ठरलं. खुनाची खरी जागा कितीतरी वर्षं कुठल्याच नकाशावर नव्हती. २००४ मध्ये संघीय तपासयंत्रणेनं प्रकरण पुन्हा उघडलं, तेव्हा कोठार परत चर्चेत आलं. म्हणजे पाटी लावायला निघालेल्या माणसांच्या हातात जो नकाशा होता, त्यात खुन्यांनी स्वतःच्या सोयीनं आखलेल्या रेघा होत्या.

तर पाट्या. १९५५ पासून जवळजवळ पन्नास वर्षं डेल्टात टिलच्या नावाची एकही सार्वजनिक खूण नव्हती. हा डेल्टा म्हणजे नदीचं मुख नव्हे. मिसिसिपी आणि याझू या नद्यांच्या मधला सपाट, काळ्याभोर गाळाचा कापूसपट्टा. (अमेरिकी यादवीत दक्षिणेतला कापूस अडला तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यांना सोन्याचे दिवस आले आणि वऱ्हाडात कापसाचा पेरा वाढला. कापसाची ती गोष्ट आपल्याला माहीत असते, तो वेचणाऱ्यांची नसते.) जुलै २००५ मध्ये महामार्ग ४९-पूर्वच्या बत्तीस मैलांच्या पट्ट्याला टिलचं नाव दिलं गेलं. वर्षभरात त्या नामफलकावर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेची तीन अक्षरं रंगवलेली आढळली.

त्याच सुमारास टॅलाहॅची काउंटीचा कारभार पाहणाऱ्या पर्यवेक्षक मंडळाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष जेरोम लिटल यांनी एमेट टिल स्मृती आयोग स्थापन केला. समनरच्या कोर्टाची इमारत मोडकळीला आली होती. कोर्ट गेलं तर चौकातली उरलीसुरली दुकानंही जातील, ही काळजी गावातल्या गोऱ्यांना होती. लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना टिलची आठवण हवी होती. इमारतीला निधी मिळवायचा तर ती इमारत कशासाठी प्रसिद्ध आहे ते बोलावंच लागणार. एकाला छप्पर हवं, दुसऱ्याला साक्ष. आयोगात दोन्ही समाजांची माणसं निम्मी-निम्मी बसली. मला हा भाग मनापासून पटतो. हृदयपरिवर्तनाच्या कथांपेक्षा गळक्या छपराची कथा जास्त विश्वासार्ह असते.

जाहीर निवेदनातल्या शब्दांवर बरीच घासाघीस झाली. माफी म्हणायचं की खेद? जे त्या वेळी जन्मलेही नव्हते त्यांनी कशाची माफी मागायची, हा आक्षेप आपल्याकडेही ऐकू येतो. शेवटी २ ऑक्टोबर २००७ रोजी कोर्टासमोर टिल कुटुंबासमक्ष निवेदन वाचलं गेलं. न्याय झाला नाही हे त्यात स्पष्ट म्हटलं होतं, आणि आम्हाला अतिशय वाईट वाटतं असंही. त्याच वेळी कोर्टाच्या हिरवळीवर राज्य सरकारचा हिरवा फलक बसला. त्याच हिरवळीवर १९१३ साली उभारलेला कॉन्फेडरेट सैनिकांचा, म्हणजे यादवीत गुलामगिरीवाल्या दक्षिणेकडून लढलेल्यांचा, पुतळा आहे. अशी युद्धस्मारकं हलवू नयेत म्हणून मिसिसिपीत २००४ पासून कायदाच आहे. पुतळ्याला कायद्याचं कवच आणि पाटीला पुढे पोलादाचं, असा हा फरक.

मग आयोगानं काउंटीभर आठ जांभळ्या पाट्या लावल्या. त्यातली एक ग्रॅबॉल लँडिंग इथे. एकेकाळी तिथे वाफेच्या बोटी लागायच्या, आता नुसती नदी आणि झाडी. प्रेत इथून बाहेर काढलं, असं पाटी सांगत होती. जागेबद्दल मतभेद आहेत. काही संशोधकांच्या मते प्रेत बरंच खालच्या अंगाला सापडलं. हे मी मुद्दाम आधीच सांगून टाकतो, कारण पाटीच्या विरोधकांना हाच धागा ओढायला आवडतो: जागाच चुकीची, मग पाटी कशाला? पण पन्नास वर्षं कुणी तिथे खूण ठेवू दिली नाही, साक्षीदारांना गाव सोडावं लागलं, आणि कथा खुन्यांनी विकली. अशा परिस्थितीत जागा काटेकोर सापडली असती तरच नवल. चूक झाली असेल, तर तीही त्या गप्प बसण्याचीच संतती आहे.

२००८ मध्ये पहिली पाटी चोरून नदीत फेकली गेली. ज्या नदीत मुलगा फेकला, त्याच नदीत. आयोगानं दुसरी लावली. तिच्यावर गोळ्या झाडायला सुरुवात झाली आणि वर्षानुवर्षं चालूच राहिली. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका चित्रपट-विद्यार्थ्यानं तिचा फोटो समाजमाध्यमांवर टाकला तेव्हा जगाला कळलं. मोजली तेव्हा भोकं ३१७ भरली.

इथे तिकडचं एक नेहमीचं उत्तर ऐकायला मिळतं: खेड्यापाड्यात सगळ्याच पाट्यांना गोळ्या लागतात. हरणांची शिकार करून परतणारी पोरं थांबा-फलकावर निशाणा धरतात, त्याचं काय एवढं? खरं आहे, ग्रामीण अमेरिकेत भोकं पडलेले वाहतूकफलक सर्रास दिसतात. पण थांबा-फलक जाता-येता वाटेत लागतो. ग्रॅबॉलची पाटी वाटेत लागत नाही. डांबरी रस्ता सोडून, खडीच्या रस्त्यानं, शेतांमधून मुद्दाम नदीपर्यंत जावं लागतं. चाळा म्हणून इतकं पेट्रोल कोण जाळेल? शिवाय कोर्टासमोरचा फलक बघा. काउंटी तीच, नाव तेच, आरोप तोच. पण तो भरचौकात, लोकांच्या नजरेसमोर आहे आणि त्याची अशी चाळण झालेली नाही. एकांतात पाटीशी वागण्याची रीत वेगळी असते. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात बोलका पुरावा हाच.

तिसरी पाटी जून २०१८ मध्ये लागली. पस्तीस दिवसांत तिला गोळ्या लागल्या. २०१९ च्या मार्चमध्ये मिसिसिपी विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी रात्री तिच्या शेजारी बंदुका घेऊन, हसत फोटो काढला आणि इन्स्टाग्रामवर टाकला. जुलैत तो बातमीत आला. त्यांच्या विद्यार्थी-संघटनेनं त्यांना निलंबित केलं. गोळ्या त्यांनीच झाडल्या का, हे सिद्ध झालेलं नाही. पण फोटोतला उत्साह सिद्ध करण्याची गरज नव्हती. वाघ मारून त्याच्यावर पाय ठेवून उभे राहिलेल्या संस्थानिकांचे फोटो आपण पाहिलेत, तीच ऐट.

आता आयोगापुढे खरा पेच होता. भोकं पडलेली पाटी तशीच ठेवायची का? ठेवली तर ती मूळ मजकुरापेक्षा जास्त सांगते. १९५५ काही संपलेलं नाही, हे वाचकाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. पण मग दर वर्षी नव्या गोळ्यांना आमंत्रण, आणि कुटुंबानं तिथे फुलं ठेवायला यायचं ते कशासमोर? बदलली तर पुन्हा तेच चक्र. हटवली तर ज्यांना पाटी कोरी हवी होती त्यांचं फावलं. मराठीत पाटी म्हणजे फलकही आणि शाळेतली लिहायची पाटीही, त्यामुळे पाटी पुसण्याचा अर्थ आपल्याला दोनदा समजतो.

आयोगानं दोन्ही केलं, आणि मला हे त्यांचं शहाणपण वाटतं. ३१७ भोकांची दुसरी पाटी जपून ठेवली. २०२१ च्या सप्टेंबरात ती वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय अमेरिकी इतिहास संग्रहालयात महिनाभर लोकांसमोर मांडली गेली. भोकांसकट, कारण भोकं हाच आता ऐवज होता. मेमी टिल यांनी शवपेटी उघडी ठेवली होती, त्याच्याशी या निर्णयाचं नातं मला फार जवळचं वाटतं. ती मूळ शवपेटीही आज त्याच शहरात, आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे.

आणि नदीकाठी १९ ऑक्टोबर २०१९ रोजी चौथी पाटी बसली. वजन पाचशे पौंडांहून जास्त, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या पुढे. पोलाद एआर ५०० जातीचं. गंमत अशी की नेमबाजीच्या सरावात निशाणा म्हणून ज्या पत्र्याच्या चकत्या लावतात त्या याच पोलादाच्या असतात, कारण गोळ्या खाऊनही ते वाकत नाही. पाटीला निशाणा करायचंच असेल तर निशाण्याच्याच धातूची पाटी घ्या, असा जणू जबाब. मजकुरावर जाड अभेद्य पारदर्शक आवरण, आसपास कॅमेरे आणि भोंगा. दोनच आठवड्यांत, २ नोव्हेंबरला, गोऱ्या वर्चस्ववाद्यांची एक टोळी झेंडे घेऊन पाटीसमोर चित्रफीत बनवायला आली. भोंगा वाजला आणि टोळी पळाली. पळतानाचं चित्रण कॅमेऱ्यात आहे.

पोलादापेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो नव्या पाटीचा मजकूर. आधीच्या पाट्या फक्त १९५५ बद्दल बोलत होत्या. ही पाटी स्वतःबद्दलही बोलते: इथल्या पाट्या चोरल्या गेल्या, नदीत टाकल्या गेल्या, गोळ्या खाल्ल्या, पुन्हा लागल्या, हे सगळं तिच्यावर लिहिलेलं आहे. गोळ्या झाडणाऱ्यांना मजकूर पुसायचा होता. ते स्वतःच मजकुरात जाऊन बसले. फलक लावणाऱ्या कुठल्याही खात्यानं, आपल्याकडच्यानंही, हा परिच्छेद अभ्यासावा. आपण मोडलेला फलक गुपचूप बदलतो आणि मोडतोड झालीच नाही असं वागतो.

शेजारच्या लेफ्लोर काउंटीतल्या मनीची पाटी मात्र दुसऱ्या तऱ्हेनं मारली गेली. ब्रायंट यांच्या दुकानासमोर २०११ मध्ये राज्याच्या 'फ्रीडम ट्रेल'चा, म्हणजे नागरी हक्क चळवळीच्या जागा दाखवणाऱ्या फलकमालिकेचा, पहिला फलक लागला, मागच्या बाजूला छायाचित्रं आणि मजकुराचा छापील थर. २०१७ च्या मेमध्ये कुणीतरी बोथट हत्यारानं तो खरवडला. जूनमध्ये छापील थर अक्षरशः सोलून काढला. गोळीला एक क्षण लागतो. सोलायला उभं राहून, नखं लावून, वेळ काढावा लागतो. फलक दुरुस्त झाला. दुकान मात्र कोसळत चाललंय. छत गेलं, भिंतींवर वेली. इमारत आहे ती १९५५ च्या ज्युरीतल्या एका सदस्याच्या वारसांकडे. शेजारचा जुना पेट्रोल पंप सरकारी अनुदानातून लख्ख झाला, दुकान पडून राहिलं. पाटी टिकवायला पोलाद मिळेल, पण पाटी ज्याकडे बोट दाखवते ते पडलं तर काय, हा प्रश्न तिथे उघडाच आहे.

ग्लेंडोरा हे टॅलाहॅची काउंटीतलं मूठभर वस्तीचं, कमालीचं गरीब गाव. तिथे जुन्या जिनिंगच्या इमारतीत टिलच्या नावाचं संग्रहालय आहे आणि गळ्याला बांधलेला पंखा इथूनच गेला असं गाव सांगतं. मासिकातल्या कबुलीत पंखा दुसऱ्याच गावाजवळचा. बाहेरचे अभ्यासक यावर नाक मुरडतात. मला मुरडवत नाही. ज्या गावात रोजगार नाही, तिथे वाट वाकडी करून येणारा प्रवासी हाच एक धंदा असेल, तर गाव आपल्याकडे इतिहासाचा जास्तीत जास्त वाटा ओढणारच. आपल्याकडची किती गावं सीतेची न्हाणी दाखवतात ते मोजून बघा.

२५ जुलै २०२३ रोजी, टिल जगला असता तर ब्याऐंशी वर्षांचा झाला असता त्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी एमेट टिल आणि मेमी टिल-मोबली राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. त्यात तीन जागा: शिकागोतलं अंत्यविधीचं चर्च, समनरचं कोर्ट आणि ग्रॅबॉल लँडिंग. कोर्ट एव्हाना १९५५ सारखं दिसेल असं दुरुस्त झालं होतं आणि समोरच टिलच्या नावाचं माहिती केंद्र उभं होतं. घोषणेत ग्रॅबॉलबद्दल शब्द जपून वापरलेत: प्रेत इथून काढलं असं मानलं जातं. मनीचं दुकान यादीत नव्हतं, सनफ्लॉवर काउंटीतलं कोठारही नव्हतं.

दुसरी पाटी संग्रहालय पाहून आली आणि चौथी नदीकाठी कॅमेऱ्यांच्या पहाऱ्यात उभी आहे. पहिली, २००८ ची, तेवढी कुठेच मांडलेली नाही. ती टॅलाहॅचीच्या पाण्यात गेली.